हिवाळ्यातला युरोप, दोघांचा: ऐनवेळी ठरणाऱ्या सहलीची पूर्वतयारी

लग्नाची धावपळ ओसरली आहे, थोडी रजा शिल्लक आहे आणि दोघांनाही अचानक रोमचे किंवा प्रागचे वेध लागले आहेत, अशा जोडप्याला नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ फार सोयीचा आहे. या दिवसांत जुन्या शहराच्या मध्यावरची चांगली खोली आठवडाभर आधीही मिळू शकते, आगगाडीत जागा असते आणि उन्हाळ्यात जिथे पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही अशा चौकांत निवांत उभे राहता येते. ऑफ-सीझनमध्ये खरी टंचाई असते ती उजेडाची. डिसेंबरच्या अखेरीस प्रागमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी चारला सूर्य मावळतो. रोममध्ये तो नऊ तासांच्या थोडा पुढे जातो आणि पावणेपाचच्या आत अंधार पडू लागतो. शहरांची निवड, खोलीची जागा, गाडीची वेळ आणि तिकिटे या सगळ्यांचा विचार या एका गोष्टीपासून सुरू केला, तर बाकीचे बरेचसे ऐनवेळेवर सोडता येते.

व्हिसा आधी, लहर नंतर

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी ‘उद्या निघू’ हा बेत व्हिसा हातात आल्यावरच करावा. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सध्या २९ देश आहेत आणि त्या सर्वांसाठी एकच अल्पकालीन व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निघण्यापूर्वी किमान १५ दिवस तरी तो दाखल व्हावा लागतो. निर्णय सर्वसाधारणपणे १५ दिवसांत येतो, मात्र चौकशी लांबली तर ४५ दिवसही लागू शकतात, म्हणून लग्नाच्या खरेदीच्या यादीतच व्हिसाच्या भेटीची वेळ घेण्याचे काम टाकून द्यावे. प्रौढ व्यक्तीचे शुल्क ९० युरो आहे, प्रवास-विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पाने असलेला व परतीनंतर आणखी तीन महिने वैध असलेला हवा. अर्ज दोघांचे स्वतंत्र असतात. खर्च एकजणच करणार असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र सोबत जोडणे इष्ट.

नवविवाहितांच्या बाबतीत नावाची गफलत होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. लग्नानंतर नाव बदलायचे असेल, तर पासपोर्टवरचा बदल सहलीहून परतल्यावर करावा. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि नाव लिहिलेली प्रवेशपत्रे या सर्वांवर एकच नाव असले की विमानतळावर खुलासे करत बसावे लागत नाही.

अर्ज त्या देशाकडे करायचा असतो जिथे मुक्काम सर्वांत जास्त आहे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार आहे त्या देशाकडे. येथे सच्चेपणा सोडू नये. ऑस्ट्रियाचा व्हिसा घेऊन सगळे दिवस इटलीत काढले, तर सीमेवर प्रश्न उद्भवू शकतात आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ते आड येऊ शकते. मुख्य देश कायम ठेवून त्यातल्या एका शहराऐवजी दुसरे निवडणे, किंवा दोन रात्री शेजारच्या देशात काढणे, एवढे स्वातंत्र्य मात्र खुशाल घ्यावे. ज्यांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियम पाळून वापरले आहेत, त्यांना २०२४च्या एप्रिलपासून लागू झालेल्या धोरणानुसार दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. असा व्हिसा दोघांकडेही असेल, तर ती सहल खऱ्या अर्थाने ऐनवेळी ठरवता येते, फक्त कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा सांभाळावी लागते.

आणखी एक बारीक बाब. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, त्यामुळे शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर पुढचे विमान पकडायचे असल्यास मध्ये भरपूर वेळ राखावा.

ऑफ-सीझन सलग नसतो

हिवाळा म्हणजे सरसकट स्वस्ताई, हा समज खरा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नाताळच्या बाजारपेठा भरतात आणि व्हिएन्ना, स्ट्रासबुर्ग, न्यूरेंबर्ग या शहरांत चोवीस डिसेंबरच्या आसपासपर्यंत गर्दी उन्हाळ्याइतकीच असते. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार तर ६ जानेवारीपर्यंत चालतो. व्हेनिसमध्ये ईस्टरच्या सुमारे सात आठवडे आधी संपणारा कार्निव्हल बहुधा फेब्रुवारीत येतो आणि त्या दिवसांत खोल्यांचे दर कडाडतात. व्हिएन्नात जानेवारी-फेब्रुवारीत नृत्यसमारंभांचा हंगाम ऐन भरात असतो. एका हंगामात तिथे चारशेहून अधिक समारंभ होतात आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तिकीट काढून कोणालाही जाता येते, मात्र पायघोळ पोशाख आणि काळा सूट यांची अट असते.

त्यामुळे शांतता हवी असेल तर नोव्हेंबरचे मधले दोन आठवडे किंवा ७ जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस घ्यावेत. माझी पसंती जानेवारीला आहे. दिवस हळूहळू मोठा होऊ लागलेला असतो, ६ जानेवारीची सुट्टी उलटल्यामुळे इटली, स्पेन आणि ऑस्ट्रियात व्यवहार पूर्ववत झालेले असतात आणि दुकानांतले हिवाळी सेल सुरू असतात.

कोणती शहरे, किती

एक कसोटी लावावी: पर्यटक नसताना या गावात लोक राहतात का? सँटोरिनीसारख्या बेटावर हिवाळ्यात बहुतेक हॉटेले बंद असतात, आणि दुब्रोवनिकच्या तटबंदीच्या आत फिरायला बरे वाटले तरी जेवायला उघडे दुकान शोधावे लागते. याउलट रोम, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, क्राकोव, लिस्बन, सेव्हिल ही नांदती शहरे आहेत. तिथली नाटके, कॅफे, बाजार आणि ट्राम स्थानिकांसाठी चालतात, म्हणून जानेवारीतही ती ओस पडत नाहीत.

थंडी सोसत असेल तर व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग हे त्रिकूट उत्तम, कारण ही शहरे थंडी गृहीत धरूनच घडली आहेत आणि अंधार पडल्यावर आत बसून करण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ आहे. थंडीचा बाऊ वाटत असेल तर सेव्हिल, कोर्दोबा आणि ग्रानाडा घ्यावे. सेव्हिलमध्ये जानेवारीच्या दुपारी हलक्या जाकिटात फिरता येते. शिवाय स्पेन पश्चिमेला असूनही त्याची घड्याळे मध्य युरोपच्या वेळेनुसार चालत असल्यामुळे सूर्य सहानंतर मावळतो, सकाळी मात्र साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो. उशिरा उठणाऱ्या जोडप्याला याहून सोयीची राजधानी शोधून सापडणार नाही, म्हणजे अंदालुसिया प्रांताची राजधानी. ग्रानाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे, तिथल्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हा तिसरा पर्याय मधला आहे. पाऊस येऊन जाऊन असतो, पण उन्हाळ्यातल्या रांगा नसतात.

आठ-दहा दिवसांत दोन, फार तर तीन शहरे. प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री. हा आग्रह आळसापोटी नाही; सकाळी दहाची गाडी धरून दुपारी दोनला दुसऱ्या शहरात उतरले, सामान टाकले आणि बाहेर पडले की उजेडाचा जेमतेम दीड तास उरतो, आणि दिवस गेल्यातच जमा होतो. म्हणून हिवाळ्यात शहर बदलायचे ते संध्याकाळी पाचनंतरच्या गाडीने. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, सेव्हिल ते कोर्दोबा पाऊण तास. जेवणाच्या वेळेला माणूस पुढच्या मुक्कामी असतो. याला अपवाद प्राग ते ड्रेस्डेनसारख्या मार्गाचा, जिथे गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते आणि खिडकीतून पाहणे हाच प्रवासाचा हेतू असतो. ती दिवसाच धरावी.

विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचे काढावे. आधी नक्की करायचे ते एवढेच: येण्या-जाण्याचे विमान, प्रत्येक शहरातल्या पहिल्या दोन रात्री आणि पुढे सांगितलेली दोन-तीन प्रवेशपत्रे. व्हिसाच्या अर्जासाठी संपूर्ण मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून उरलेल्या रात्रींची आरक्षणे विनामूल्य रद्द होणारी घ्यावीत आणि तिथे गेल्यावर मन होईल तशी बदलावीत.

खोली निवडताना

उन्हाळ्यात परवडत नाही म्हणून लोक स्टेशनजवळ किंवा उपनगरात राहतात. हिवाळ्यात दर उतरलेले असताना जुन्या शहराच्या अगदी आत राहावे, कारण साडेचारला अंधार पडल्यावर खोलीवर येऊन तासभर पाय पसरायचे, ओले मोजे बदलायचे आणि मग पुन्हा बाहेर पडायचे, हा क्रम रोज होणार असतो. खोली लांब असेल तर एकदा परतलेला माणूस पुन्हा निघत नाही आणि निम्मे शहर न पाहताच राहते.

जुन्या इमारतीत घर भाड्याने घेणार असाल तर उष्णतेची चौकशी आधी करावी. इटलीत घरे गरम करण्याचे दिवस आणि तास कायद्याने ठरलेले आहेत: रोम ज्या विभागात मोडते तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाकाठी जास्तीत जास्त बारा तास, व्हेनिसच्या विभागात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, चौदा तास. ज्या इमारतीत ही यंत्रणा सामायिक असते, तिथे पहाटे तीनला हीटर लागत नाही म्हणून मालकाला फोन करून उपयोग होत नाही. लिफ्ट आहे का, हेही विचारावे. पाचव्या मजल्यावरच्या माळ्याच्या खोलीतून छपरांचे दृश्य छान दिसते, पण बॅगा चढवायच्या असतात.

राहिला प्रश्न पलंगाचा. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ‘डबल बेड’ म्हणून जे मिळते ते बहुधा शेजारी ठेवलेल्या दोन गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणे असते. एकसंध पलंग हवा असेल तर आरक्षणाच्या निरोपात तसे स्पष्ट लिहावे. इटलीत ‘लेत्तो मात्रिमोनियाले’ म्हटले की अर्थ लागतो. नुकतेच लग्न झाल्याचे त्याच निरोपात कळवायला हरकत नाही. रिकाम्या खोल्या असतात त्या काळात त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते, हक्क मात्र समजू नये.

उजेडाचा दिवस आणि अंधाराची संध्याकाळ

सकाळच्या न्याहारीला दोनच गोष्टी ठरवाव्यात: उजेड असेपर्यंत काय पाहायचे आणि चार वाजता कुठे असायचे. बाकी चालता चालता सुचेल तसे. एका दिवशी एकाने ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, ही वाटणी साधी आहे, पण गारठलेल्या कोपऱ्यावर नकाशा उलटसुलट धरून होणारा वाद त्यामुळे बराच टळतो.

हिवाळ्याची एक मोठी मेहेरबानी म्हणजे उशिरा होणारा सूर्योदय. प्रागमध्ये डिसेंबरअखेर सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे चार्ल्स पुलावरची पहाट पाहायला साडेसातला पोचले तरी पुरते. राजा चौथ्या चार्ल्सने १३५७मध्ये बांधायला घेतलेल्या या पुलावर तीस पुतळे आणि शिल्पसमूह आहेत. त्या वेळी दिवे अजून विझलेले नसतात, फरशीवर दव गोठून ती निसरडी झालेली असते आणि नेपोमुकच्या संत योहानच्या काळपट ब्राँझ पुतळ्याखालचा, लोकांनी हात लावून लावून झिजवलेला फलकच तेवढा सोन्यासारखा चमकत असतो. दुपारी याच जागी हात लावायला रांग असते.

उघड्यावरची प्राचीन स्थळे सकाळी उरकावीत. रोमचे कोलोसियम आणि फोरम ऐन हिवाळ्यात साडेचारला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी असतो. ग्रानाडाचे अल्हाम्ब्रा, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम राजांचा किल्ला आणि राजवाडे, १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात संध्याकाळी सहापर्यंत उघडे असते, परंतु त्यातल्या नासरी राजवाड्यांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि तिकीट नावाने निघते, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. हे तिकीट, व्हॅटिकन संग्रहालयांचे आणि कोलोसियमचे, एवढी तीन मात्र हिवाळ्यातही आधी काढावीत. कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलमध्ये रविवार सोडून इतर दिवशी सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश विनामूल्य असतो. लाल-पांढऱ्या कमानींच्या त्या रांगांत गटांचा गलबला सुरू होण्यापूर्वीचा तो तास चुकवू नये.

संग्रहालयांचा साप्ताहिक बंद पाहूनच शहरात पोचण्याचा वार ठरवावा. फ्लॉरेन्सची उफिझी सोमवारी बंद असते, व्हिएन्नाचे कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमही हिवाळ्यात सोमवारी बंद, पॅरिसचे लूव्र मंगळवारी, तर व्हॅटिकन संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद. याउलट काही ठिकाणे अंधार पडल्यावरही खुली असतात: व्हिएन्नाचे ते संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत, आणि माद्रिदचे प्राडो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ विनामूल्य.

व्हेनिसबद्दल वेगळे सांगायला हवे. शरद आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी शहरात शिरते. २०२०पासून खाडीच्या तोंडाशी मोसे हे उचलते दरवाजे कार्यरत असल्याने मोठे पूर आता अडवले जातात, तरीही संत मार्कचा चौक इतका सखल आहे की लहानसहान भरतीतही तिथे पाणी दिसू शकते. लाकडी फळ्यांचे उंच मार्ग टाकले जातात, पाण्याचा अंदाज पालिका आधी जाहीर करते आणि पाणी काही तासांत ओसरते. तळमजल्यावरची खोली घेऊ नये, एवढी खबरदारी पुरे. दिवसभरासाठी येणाऱ्यांवरचे प्रवेशशुल्क आजवर एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशीच लावले गेले आहे. मुक्काम करणाऱ्यांना रात्रीमागे लागणारा शहरकर मात्र वेगळा, आणि तो बहुतेकदा हॉटेलात द्यावा लागतो.

संध्याकाळसाठी व्हिएन्नाचे कॅफेगृह आणि बुडापेस्टचे स्नानगृह यांना तोड नाही. व्हिएन्नात कॉफी छोट्या तबकात पाण्याच्या पेल्यासह येते, आणि एकेका कपावर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, त्यामुळे वाट पाहत बसू नये. तिथल्या सरकारी ऑपेराची उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे प्रयोगाच्या दिवशी विकली जातात, म्हणजे दुपारी मनात आले तरी संध्याकाळी संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा ऐकता येतो. बुडापेस्टमध्ये १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहाचे उघडे तलाव कडाक्याच्या थंडीतही गरम असतात. दारापासून पाण्यापर्यंतची काही पावले अंगावर काटा आणणारी असतात, पण एकदा गळ्यापर्यंत उतरले की आजूबाजूला वाफ, वाफेत तरंगणारी डोकी आणि छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळाचा डाव मांडलेले म्हातारे. सपाता आणि टॉवेल घेऊन जावे. बाहेर पडताना केस पूर्ण वाळवावेत.

पैसे, गाड्या, कपडे

युरो सगळीकडे चालत नाही. चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट आणि पोलंडमध्ये झ्लॉटी आहे. कार्डाच्या यंत्राने कोणत्या चलनात पैसे कापू असे विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडावे, अन्यथा दर पडतो तो यंत्रवाल्याच्या मर्जीचा. प्रागमधल्या चलन-विनिमयाच्या दुकानात फसगत झालीच, तर पावती घेऊन तीन तासांत व्यवहार उलटवण्याचा हक्क चेक कायद्याने दिलेला आहे, १,००० युरोंपर्यंतच्या रकमेसाठी. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी किराणा दुकाने बंद असतात; शनिवारीच फळे आणि पाव आणून ठेवावा.

वेगवान गाड्यांची तिकिटे लवकर काढल्यास स्वस्त पडतात, इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे मात्र अंतरानुसार ठरलेले असते, म्हणून मनात येईल तेव्हा निघायचे तर त्याच बऱ्या. त्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात प्रादेशिक गाड्यांची हमी असते. शेंगेनमधल्या काही देशांनी आपसातल्या सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली असल्याने देश ओलांडताना पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

कपड्यांबाबत फार सांगण्यासारखे नाही. एकावर एक पातळ थर, वर वाऱ्या-पावसाला दाद न देणारे जाकीट, आणि रबरी, पकड असलेल्या तळव्याचे बूट; गोल दगडांच्या ओल्या रस्त्यावर नव्या नवरीची खास घेतलेली पादत्राणे निरुपयोगी ठरतात. जुनी चर्चे आतून गरम नसतात, तिथे कोट काढू नये.

परतीच्या दिवशी एक काम उरते. सेलमध्ये खरेदी केली असेल, तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना मूल्यवर्धित कराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी एकाच दुकानातल्या खरेदीची किमान रक्कम इटलीत ७०, ऑस्ट्रियात ७५ आणि फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक असावी लागते. स्पेनमध्ये अशी मर्यादा नाही. खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा, आणि संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर तो सीमाशुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावा. वस्तू पाहायला मागू शकतात, म्हणून ही बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी त्या खिडकीपाशी जावे आणि विमानतळावर तीन तास आधी पोचावे.